सीपॅप मशीन लावल्यावर नाक का चोंदतं? ते मोकळं ठेवण्यासाठी काय करावं आणि काय टाळावं?

संगीतकार बप्पी लाहिरी यांचं फेब्रुवारी २०२२ मध्ये मुंबईत निधन झालं, तेव्हा डॉक्टरांनी कारण सांगताना एका आजाराचं नाव घेतलं - ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप अ‍ॅप्निया. 'काय घोरतात हो!' म्हणून ज्याची घरात थट्टा होते, त्याच्या मागे गंभीर आजार असू शकतो, याची त्यानंतर बरीच चर्चा झाली.

या आजारात झोपेत घशाचे स्नायू इतके सैल पडतात की श्वासाची वाटच मिटते. श्वास दहा सेकंद किंवा त्याहूनही जास्त वेळ थांबतो, रक्तातला ऑक्सिजन घटतो, मेंदू दचकून माणसाला अर्धवट जागं करतो आणि मोठ्या घरघरीसह श्वास पुन्हा सुरू होतो. तीव्र आजारात हे तासाला तीसपेक्षा जास्त वेळा घडतं. सकाळी माणसाला यातलं काही आठवत नाही. आठवते ती दिवसभराची पेंग. रक्तदाब वाढतो, आणि गाडी चालवताना डुलकी लागण्याचा धोका तर वेगळाच.

यावरचा सगळ्यात भरवशाचा उपाय म्हणजे सीपॅप मशीन. उशाशी ठेवलेलं छोटं यंत्र नळी आणि मास्कमधून हलक्या दाबाची हवा नाकात सोडत राहतं आणि त्या हवेच्या आधाराने घसा उघडा राहतो.

पण चाळीस-पन्नास हजार रुपये मोजून घेतलेलं हे यंत्र अनेक घरांत दोन-तीन महिन्यांत कपाटावर जाऊन बसतं. 'जीव घुसमटतो', 'मास्क सहन होत नाही', 'मशीनमुळे सर्दी होते' अशी कारणं दिली जातात. मग मास्क बदलला जातो, मशीनवाल्याशी वाद होतो. नाक तपासायचं मात्र बऱ्याचदा राहूनच जातं. खरं तर सुरुवात तिथूनच व्हायला हवी.

त्रास घशात, मग नाकाचं काय?

सीपॅप हा उपाय मुळात नाकातूनच जन्माला आला. ऑस्ट्रेलियातल्या सिडनीमध्ये डॉ. कॉलिन सुलिव्हन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात पाच रुग्णांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. नाकावाटे सतत हलका दाब दिला तर घसा मिटत नाही, हे त्यांनी दाखवून दिलं. तोवर तीव्र स्लीप अ‍ॅप्नियावर गळ्याला भोक पाडून नळी बसवणं हाच मोठा उपाय होता.

हा दाब पाण्याच्या सेंटीमीटरमध्ये मोजतात आणि तो साधारण ४ ते २० च्या दरम्यान असतो. १० सेंटीमीटर दाब म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या जेमतेम एक टक्का. इतक्याशा दाबावर सगळा खेळ चालतो. त्यामुळे वाटेत नाकच गच्च असेल, तर घशापर्यंत पुरेसा दाब पोहोचत नाही.

उलट बाजूनेही नाक त्रास देतं. शहाळ्यातली कागदाची स्ट्रॉ तोंडाशी थोडी चेपलेली असेल तर पाणी जोराने ओढावं लागतं, आणि जोराने ओढलं की मऊ झालेली स्ट्रॉ मधेच चपटी होते. चोंदलेल्या नाकातून श्वास ओढताना घशाचं हेच होतं. म्हणून साध्या सर्दीतही माणूस जास्त घोरतो.

श्वासाच्या संपूर्ण वाटेत हवेला जो अडथळा होतो, त्यातला निम्म्याहून अधिक एकट्या नाकात असतो. नाकाच्या आत बाजूच्या भिंतींवर मांसल वळकट्या असतात, त्यांना टर्बिनेट म्हणतात. त्यांत रक्तवाहिन्यांचं दाट जाळं असतं. रक्त भरलं की त्या फुगतात आणि वाट अरुंद होते. निरोगी माणसातही दर काही तासांनी एक नाकपुडी थोडी बंद आणि दुसरी मोकळी, अशी पाळी चालू असते. आडवं झाल्यावर डोक्याकडे रक्त जास्त साचतं आणि दोन्ही बाजू सुजतात. दिवसभर मोकळं असलेलं नाक नेमकं अंथरुणावर पाठ टेकली की का चोंदतं, त्याचं उत्तर हे आहे.

यंत्रच नाक बंद करतं का?

'मशीन लावल्यापासून सर्दी सुरू झाली' ही तक्रार खोटी नसते. पण ही सर्दी विषाणूची नसते.

नाकाचं एक काम हवा गाळण्याचं आणि दुसरं तिला ऊब आणि ओलावा देण्याचं. आपण नाकातून श्वास सोडतो तेव्हा बाहेर जाणाऱ्या हवेतला काही ओलावा नाक परत मिळवतं आणि पुढच्या श्वासासाठी वापरतं. सीपॅप लावून झोपलेल्या माणसाचं तोंड उघडं पडलं तर हा हिशेब कोलमडतो. यंत्राची हवा नाकातून आत शिरते आणि तोंडावाटे निसटून जाते. नाक ओलावा देतच राहतं, परत काहीच मिळत नाही. आतलं अस्तर कोरडं पडतं, चिडतं आणि सुजतं. नाक बंद झालं की माणूस आणखी तोंड उघडतो. गळती वाढते. दाब आपोआप बदलणारं मशीन असेल तर घसा मिटू लागल्याचं ओळखून ते हवेचा जोर वाढवतं आणि कोरडेपणात भर पडते.

१९९६ साली सिडनीतल्याच संशोधकांनी हे मोजून दाखवलं. सीपॅपवर असताना तोंडातून हवा गळू दिली की नाकातला अडथळा लक्षणीय वाढत होता. तीच हवा गरम आणि दमट करून दिली तेव्हा तो वाढणं बऱ्याच अंशी टळलं. नुसत्या थंड पाण्यावरून नेलेल्या हवेचा मात्र तसा उपयोग झाला नाही.

सकाळी उठल्यावर तोंड कोरडं ठक्क आणि नाक गच्च असेल, तर हे चक्र चालू आहे असं समजायला हरकत नाही.

आधी ओलावा

म्हणूनच पहिला उपाय मशीनलाच जोडलेला असतो, आणि तो अनेकांनी बंद करून ठेवलेला असतो. बहुतेक मशीनला गरम ह्युमिडिफायर, म्हणजे खाली तापणारी पाण्याची छोटी टाकी असते. 'रोज कोण पाणी भरणार' किंवा 'इन्व्हर्टरवर लोड येतो' म्हणून ती रिकामी राहते. नाकाची तक्रार असेल तर ती आधी सुरू करावी आणि पातळी दोन-तीन रात्रींच्या अंतराने एकेक पायरी वाढवून बघावी.

एकच पातळी बाराही महिने चालत नाही. विदर्भातल्या मे महिन्यात किंवा रात्रभर एसी चालणाऱ्या खोलीत हवा कोरडी असते, तिथे ओलावा जास्त लागतो. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात कमी पातळीवर भागू शकतं. खोली गार आणि ओलावा जास्त असेल तर नळीत पाण्याचे थेंब जमतात, गुळगुळ आवाज येतो, कधी थेंब थेट नाकावर येतात. यंत्र बिघडलं असं वाटून लोक घाबरतात, पण ही नुसती थंड पडलेली वाफ असते. नळी पांघरुणाखालून घेतली किंवा तापणारी नळी लावली की ती थांबते. यंत्र डोक्याच्या पातळीपेक्षा खाली ठेवलं तर पाणी नाकाकडे न येता मागे जातं.

टाकीत डिस्टिल्ड वॉटर वापरावं. नळाच्या किंवा बोअरच्या जड पाण्याने तळाला पांढरा थर धरतो. आरओचं पाणी म्हणजे डिस्टिल्ड वॉटर नव्हे. बॅटरीत घालण्यासाठी विकलं जाणारं पाणीही श्वासाच्या यंत्रासाठी बनवलेलं नसतं, त्यामुळे औषधाच्या दुकानात विचारलेलं बरं. रात्रीचं उरलेलं पाणी सकाळी ओतून टाकायचं, टाकी धुऊन वाळवायची. शिळ्या पाण्यात नवं पाणी ओतत राहणं ही सगळ्यात सामान्य चूक आहे.

मिठाच्या पाण्याने नाक धुणं: पाणी कुठलं, ते महत्त्वाचं

जलनेती मराठी माणसाला नवी नाही. हठयोगातल्या सहा शुद्धिक्रियांमध्ये नेतीचा समावेश आहे आणि लोणावळ्याच्या कैवल्यधामसारख्या योगसंस्थांमुळे नेतीचं भांडं अनेक घरांत पोहोचलं आहे. आधुनिक वैद्यकातही मिठाच्या पाण्याने नाक धुणं हा मान्य उपाय आहे. घट्ट शेंबूड, धूळ, परागकण निघून जातात आणि त्यानंतर मारलेला स्प्रे अस्तरापर्यंत नीट पोहोचतो.

मिठाचं प्रमाण एक लिटर पाण्याला ९ ग्रॅम, म्हणजे पाव लिटरला सव्वादोन ग्रॅमच्या आसपास. नुसत्या पाण्याने नाक झोंबतं. तयार पुड्या मिळतात, त्या वापरणं सोपं.

पण पाणी थेट नळाचं घेऊ नये. नेग्लेरिया फाउलेरी नावाचा अमिबा गोड्या पाण्यात राहतो. तो पोटात गेला तर काही होत नाही, पण नाकातून वर गेला तर मेंदूपर्यंत पोहोचू शकतो, आणि हा संसर्ग बहुतेक वेळा जीवघेणा ठरतो. अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात २०११ मध्ये नळाच्या पाण्याने नेती करणाऱ्या दोघांचा याने मृत्यू झाला होता. केरळमध्ये २०२४ आणि २०२५ मध्ये अमिबामुळे होणाऱ्या मेंदूज्वराचे रुग्ण आढळल्यानंतर तिथेही नाकात पाणी जाऊ न देण्याच्या सूचना दिल्या गेल्या. हा आजार अतिशय दुर्मीळ आहे. पण तो टाळायला लागतं काय? किमान एक मिनिट खळखळून उकळून कोमट केलेलं पाणी. तेवढं तरी करावंच.

नाक धुवायचं ते झोपण्याच्या तासभर आधी. लगेच आडवं झालं तर आत राहिलेलं पाणी घशात उतरतं आणि मास्क लावल्यावर ठसका लागतो.

दोन मिनिटांत नाक उघडणाऱ्या थेंबांचा सापळा

औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळणारे ओट्रिविन, नेझिव्हियनसारखे थेंब आणि स्प्रे नाक झटपट मोकळं करतात. त्यातलं झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिन हे औषध टर्बिनेटमधल्या रक्तवाहिन्या आकसून टाकतं. पहिल्या रात्री हे जादूसारखं वाटतं, आणि सीपॅप वापरणाऱ्याला तर फारच, कारण त्याला रोज रात्री नाक उघडं हवंच असतं.

गडबड तिथेच होते. सलग तीन ते पाच दिवसांपेक्षा जास्त वापर झाला की औषधाचा असर उतरताच रक्तवाहिन्या आधीपेक्षा जास्त फुगू लागतात. नाक पुन्हा बंद, पुन्हा थेंब. काही आठवड्यांत माणूस उशाखाली बाटली ठेवल्याशिवाय झोपू शकत नाही. वर्षानुवर्षं या चक्रात अडकलेले लोक कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे नेहमी येतात, आणि त्यांच्यातल्या अनेकांना आपल्या नाकाचा आजार ही बाटलीच आहे, हे तोवर कुणी सांगितलेलं नसतं. सोडवता येतं, पण डॉक्टरांच्या सल्ल्याने आणि बहुधा दुसरा स्प्रे सुरू करून.

हे थेंब कडक सर्दीच्या दोन-तीन रात्रींसाठी आहेत. रोजच्या सीपॅपसाठी नाहीत.

सर्दीच्या गोळ्यांबद्दलही एक गोष्ट माहीत असलेली बरी. भारतात मिळणाऱ्या अनेक गोळ्यांमध्ये नाक मोकळं करण्यासाठी फेनिलएफ्रिन असतं. पोटातून घेतलेलं फेनिलएफ्रिन नाकासाठी उपयोगी ठरत नाही, असा निष्कर्ष अमेरिकेच्या औषध नियामकाच्या सल्लागार समितीने सप्टेंबर २०२३ मध्ये एकमताने दिला आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये नियामकाने ते बिनचिठ्ठीच्या गोळ्यांमधून काढून टाकण्याचा प्रस्ताव मांडला. शिवाय अशा औषधांनी रक्तदाब वाढू शकतो आणि स्लीप अ‍ॅप्नियाच्या अनेक रुग्णांना तो आधीच असतो. याच गोळ्यांमध्ये क्लोरफेनिरामिनसारखं गुंगी आणणारं औषधही असतं. दिवसा आधीच पेंगणाऱ्या आणि गाडी चालवणाऱ्या माणसाने ते जपूनच घ्यायला हवं.

रोजचा स्प्रे: सावकाश, पण टिकणारा

सतत शिंका, नाकाला खाज, धुळीने त्रास, अशी अ‍ॅलर्जी असेल तर डॉक्टर फ्लुटिकासोन किंवा मोमेटासोनचा स्प्रे देतात. यात स्टेरॉइड आहे म्हटल्यावर अनेकजण तो दोन दिवसांत सोडून देतात. पण यातला डोस फार थोडा आणि नाकापुरता असतो. हा स्प्रे थेंबांसारखा लगेच काम करत नाही. सूज हळूहळू उतरते, पूर्ण फरक दिसायला एक-दोन आठवडे लागतात आणि तो रोज घ्यावा लागतो. 'मारला, काही झालं नाही' म्हणून सोडणारे बहुतेक लोक चौथ्या-पाचव्या दिवशीच सोडतात.

मारण्याची पद्धतही चुकते. उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने आणि डाव्या नाकपुडीत उजव्या हाताने मारलं की नळीचं तोंड आपोआप बाहेरच्या बाजूला, डोळ्याच्या कडेकडे वळतं. मधल्या पडद्यावर रोज फवारा बसला तर तो भाग सोलवटतो आणि रक्त येतं. मान थोडी पुढे झुकवावी, श्वास जोरात ओढू नये. औषध घशात कडू लागलं तर ते नाकात राहिलं नाही, असं समजावं.

ज्यांना नाकाचा काही त्रासच नाही अशा सीपॅपधारकांना सरसकट हा स्प्रे देऊन मशीनचा वापर वाढत नाही, असं अभ्यासांत दिसलं आहे. म्हणजे तो अ‍ॅलर्जीचं औषध आहे. सीपॅपसोबत घ्यायचं टॉनिक नव्हे.

विक्स, वाफ आणि नाकात तेल

विक्स चोळलं की नाक उघडल्यासारखं वाटतं. 'वाटतं' हाच खरा शब्द. मेंथॉल नाकातल्या थंडावा ओळखणाऱ्या मज्जातंतूंना उद्दीपित करतं, त्यामुळे हवा जास्त येतेय असा भास होतो. मोजलं तर अडथळा तेवढाच असतो. कपाळावर, छातीवर चोळून बरं वाटत असेल तर चोळावं. पण ते नाकाच्या आत लावू नये, आणि मशीनच्या टाकीत विक्स, निलगिरीचं तेल किंवा कापूर कधीही टाकू नये. ती हवा रात्रभर दाबाने थेट फुप्फुसात जाते.

वाफ घेतल्याने थोडा वेळ आराम पडतो. भाजण्याची भीती असते, म्हणून उकळतं पातेलं मांडीवर घेऊन बसू नये, एवढंच.

झोपताना नाकात तूप किंवा तेल सोडण्याची पद्धत अनेक घरांत आहे. वैद्याच्या देखरेखीखालचं नस्य वेगळं. रोज रात्री तेल सोडून त्यावर सीपॅप लावणं धोक्याचं. तेलकट पदार्थ दीर्घकाळ नाकावाटे फुप्फुसात झिरपत राहिला तर लिपॉइड न्यूमोनिया होऊ शकतो. नाकाला कोरड पडली तर मिठाच्या पाण्याचा साधा स्प्रे किंवा पाण्यात विरघळणारं जेल वापरावं. व्हॅसलिनने मास्कचं सिलिकॉनही खराब होतं.

तोंडाला पट्टी लावून झोपण्याचा ट्रेंड

इन्स्टाग्रामवर गेली काही वर्षं तोंडाला चिकटपट्टी लावून झोपण्याचे व्हिडिओ फिरत आहेत. तोंड गळणं हा त्रास असेल तर तोंडच बंद करा, हा तर्क सीपॅप वापरणाऱ्यांना पटकन पटतो. पण तोंड बहुतेक वेळा नाक बंद आहे म्हणून उघडतं. 'प्लॉस वन' या नियतकालिकात २०२५ साली आलेल्या आढाव्यात या पट्ट्यांच्या फायद्याचे पुरावे तोकडे असल्याचं आणि नाक चोंदलेल्यांसाठी त्या धोक्याच्या ठरू शकतात असं म्हटलं आहे. नाक मोकळं झाल्यावरही तोंड उघडंच राहत असेल, तर हनुवटीला आधार देणारा पट्टा लावायचा की मास्क बदलायचा, हे डॉक्टरांसोबत ठरवावं.

नाक आणि तोंड दोन्ही झाकणारा मोठा मास्क हा पर्याय आहे, पण तो सर्वांना पहिला पर्याय म्हणून देणं योग्य नाही. त्यात गळती जास्त होते, अनेकांना दाबही जास्त लागतो. सर्दीच्या दिवसांसाठी असा एक मास्क घरात असलेला मात्र चांगला.

खोलीतली हवा

मशीन खोलीतलीच हवा ओढतं. झोपण्याच्या खोलीत उदबत्ती, धूप, डास पळवणारी कॉइल जळत असेल तर तो धूर फिल्टरमधून पूर्ण गाळला जात नाही. मशीनच्या मागचा फिल्टर आठवड्यातून एकदा काढून बघावा. बांधकाम चालू असलेल्या रस्त्यालगतच्या घरात तो फार लवकर काळा पडतो. उशीचे अभ्रे आणि चादरी गरम पाण्यात धुवाव्यात, कारण धुळीतले सूक्ष्म किडे गाद्या-उशांतच असतात. डोक्याकडची बाजू थोडी उंच केली तर नाकात साचणारं रक्तही कमी होतं.

'नाकाचं हाड वाढलंय'

मधला पडदा खूप वाकडा असेल, टर्बिनेट कायमचे सुजलेले असतील किंवा पॉलिप असतील तर स्प्रे आणि पाणी एका मर्यादेपलीकडे काम करत नाहीत. तेव्हा शस्त्रक्रियेचा विषय निघतो. तिच्याकडून अपेक्षा मात्र योग्य हवी. नाकाच्या शस्त्रक्रियेने स्लीप अ‍ॅप्निया सहसा बरा होत नाही, कारण मिटतो तो घसा. पण मशीनचा लागणारा दाब सरासरी दोन सेंटीमीटरच्या आसपास कमी होतो आणि आधी मास्क न सोसणारे अनेकजण तो नीट वापरू लागतात. 'ऑपरेशन केलं की मशीन सुटेल' असं कुणी सांगत असेल तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यावं.

एकच नाकपुडी कायम बंद राहणं, वारंवार रक्त येणं, वास न येणं, चेहरा दुखून ताप येणं, यातलं काही असेल तर घरगुती उपाय करत बसू नये.

सर्दी झालेल्या रात्री मशीन लावायचं का?

जमेल तेवढं लावावं. सीपॅप आजार बरा करत नाही, फक्त ते चालू असेपर्यंत घसा उघडा ठेवतं. मास्क काढून झोपलं की श्वास थांबणं परत सुरू होतं. नाक धुऊन, ओलावा वाढवून, डोकं उंच करून आणि गरज पडली तर दोन-तीन रात्री थेंब वापरून बहुतेकांना निदान काही तास मशीन सोसतं. अजिबातच सोसत नसेल तर एखादी रात्र कुशीवर झोपून काढावी, दारू आणि झोपेची गोळी टाळावी आणि नाक उघडताच पुन्हा सुरू करावं. पाठोपाठ अनेक रात्री चुकत असतील तर डॉक्टरांना कळवावं.

त्या भेटीला जाताना मशीनमधलं मेमरी कार्ड किंवा मोबाइल अ‍ॅपवरचा अहवाल सोबत न्यावा. रोज किती तास वापर झाला, तासाला किती वेळा श्वास अडला आणि हवेची गळती किती, हे तिन्ही आकडे त्यात असतात. गळतीचा आकडा मोठा असेल तर मास्कचे पट्टे आणखी आवळण्याआधी डॉक्टरांना नाकात टॉर्च मारून बघायला सांगावं.